नोकरी मिळेना म्हणून आईनस्टाईनने पेपरात फिजिक्सच्या शिकवणीची जाहिरात दिली होती

५ फेब्रुवारी १९०२. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहराच्या पेपरात एक छोटीशी जाहिरात छापून आली.

गणित आणि फिजिक्सच्या खाजगी शिकवण्या. शाळेतल्या मुलांसाठी पण आणि कॉलेजातल्या मुलांसाठी पण. खाली शिकवणाऱ्याचं नाव, त्याचा डिप्लोमा आणि घराचा पत्ता. सोबत एक ऑफरसुद्धा होती, सुरुवातीचे तास फुकट.

शिकवणाऱ्याचं नाव होतं अल्बर्ट आईनस्टाईन. वय वर्षे २२.

आज हे नाव घेतलं की विस्कटलेले केस, नोबेल आणि फळ्यावरची समीकरणं आठवतात. पण तेव्हा त्याची अवस्था डिग्री हातात घेऊन घरी बसलेल्या कुठल्याही पोरासारखीच होती. डिप्लोमा होऊन दीड वर्ष उलटलेलं, पक्क्या नोकरीचा पत्ता नव्हता. त्यात मिलेवा मारिच या त्याच्या प्रेयसीला नुकतीच मुलगी झालेली. लग्न व्हायचं होतं, आणि लग्नासाठी हातात पगार पाहिजे होता.

आता प्रश्न असा, की हा माणूस मास्तर म्हणून कसा होता? ते समजून घ्यायचं तर आधी त्याला कुणी शिकवलं ते बघायला पाहिजे. कारण आईनस्टाईन स्वतःसुद्धा एका घरी येणाऱ्या पोराच्या हाताखाली तयार झाला होता.

गोष्ट आहे १८८९ ची. आईनस्टाईन कुटुंब तेव्हा जर्मनीत म्युनिकला राहायचं. पूर्वी आपल्याकडं गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, तसाच प्रकार तिथल्या ज्यू घरांमध्ये होता. आईनस्टाईनच्या घरी गुरुवारी जेवायला यायचा मॅक्स टालमुड. विशीतला, डॉक्टरकी शिकणारा. अल्बर्ट तेव्हा १० वर्षांचा.

टालमुड काही फिजिक्सचा मास्तर नव्हता. फी वगैरे भानगड तर नव्हतीच. पण पोराची चमक त्याच्या नजरेत भरली आणि तो येताना पुस्तकं घेऊन यायला लागला. आरोन बर्नस्टाईन नावाच्या लेखकाची सोप्या भाषेतली विज्ञानाची मालिका होती. त्यात प्रकाशाच्या वेगाबद्दल होतं, विजेबद्दल होतं. अल्बर्टनं ती झपाटल्यासारखी वाचली.

मग १२ व्या वर्षी हातात आलं भूमितीचं पुस्तक. दर गुरुवारी अल्बर्ट सोडवलेली गणितं टालमुडला दाखवायचा. काही महिन्यांत पुस्तक संपलं आणि पोरगं त्याच्याही पुढच्या गणिताला लागलं.

इथं खरी गंमत आहे. थोड्याच दिवसांत टालमुडच्या लक्षात आलं, की गणितात हा आपल्या पुढं गेलाय. असं झालं की शिकवणाऱ्याकडं दोन रस्ते असतात. एक तर आपला मोठेपणा टिकवायला पोराला मागं खेचायचं, नाहीतर बाजूला व्हायचं. टालमुडनं तिसराच रस्ता काढला. त्यानं विषय बदलला. गणित सोडून दोघं तत्त्वज्ञानावर बोलायला लागले. मोठमोठ्यांना जड जाणारा कांट अल्बर्टनं १३ व्या वर्षी वाचायला घेतला तो टालमुडमुळं.

पुढं १८९५ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत आईनस्टाईन नापास झाला. तो गणितात ढ होता अशी थाप मारली जाते. खरं तर गणित आणि फिजिक्समध्ये त्याचे मार्क चांगले होते, मार खाल्ला तो बाकीच्या विषयांनी. शिवाय ही परीक्षा साधारण १८ वर्षांच्या मुलांसाठी होती आणि तो होता १६ चा.

मग आराऊ नावाच्या गावात त्यानं शाळेचं राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं. तिथं त्याच्या डोक्यात एक प्रश्न घुसला. आपण प्रकाशाच्या किरणाच्या मागं, प्रकाशाच्याच वेगानं पळालो तर काय दिसेल?

साध्या हिशोबानं याचं उत्तर सोपं आहे. दोन गाड्या एकाच वेगानं शेजारी शेजारी पळत असल्या, की एकीतून दुसरी थांबल्यासारखी वाटते. म्हणजे प्रकाशाची लाटसुद्धा जागेवर थिजलेली दिसायला पाहिजे. पण मॅक्सवेल या शास्त्रज्ञानं विजेचे आणि चुंबकत्वाचे जे नियम मांडले होते, त्यात थांबलेल्या प्रकाशाला जागाच नव्हती. म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. नेमकं कुठं, हे सापडायला त्याला १० वर्षं लागली.

पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला, पण तिथं फिजिक्सचे प्रोफेसर हाइनरिक वेबर मॅक्सवेल शिकवायचेच नाहीत. आईनस्टाईननं तो खोलीवर बसून स्वतः वाचला आणि लेक्चर बुडवले. परीक्षेपुरत्या वह्या मार्सेल ग्रॉसमन या मित्राकडून घेतल्या. १९०० मध्ये तो गणित आणि फिजिक्सचा शिक्षक व्हायचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडला, पण प्रोफेसर लोकांची नाराजीही सोबत घेऊन. बरोबरच्या पास झालेल्या मुलांना तिथंच असिस्टंटची नोकरी मिळाली. आईनस्टाईनला कुणी विचारलं नाही.

त्यानं युरोपभर अर्ज पाठवले. परिस्थिती इतकी बेकार, की १९०१ मध्ये त्याच्या वडलांनी पोराला न सांगता विल्हेल्म ओस्टवाल्ड या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाला पत्र लिहून त्याच्यासाठी शब्द टाकायची विनंती केली. उपयोग झाला नाही.

त्याच वर्षी विंटरथुरच्या एका टेक्निकल शाळेत त्याला दोन महिन्यांची बदली शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथं त्याला स्वतःबद्दलच एक नवीन गोष्ट कळली. सकाळी पाच-सहा तास शिकवूनही तो थकायचा नाही, उलट संध्याकाळी ताज्या डोक्यानं स्वतःच्या संशोधनाला बसायचा. शिकवणं त्याला आवडत होतं.

पण सप्टेंबर १९०१ मध्ये शाफहाउझेनला जी शिकवणी मिळाली ती वेगळी होती. याकोब नुएश नावाच्या मास्तरांची तिथं खाजगी शाळा होती. एका इंग्रज मुलाला मातुरा, म्हणजे आपल्या बारावीसारखी शाळेची शेवटची परीक्षा, पास करून द्यायची. पगार महिन्याला १५० फ्रँक, राहणं-जेवणं मालकाच्या घरी.

हिशोब केल्यावर आईनस्टाईनच्या लक्षात आलं, की या एका मुलामागं नुएश वर्षाला ४००० फ्रँक घेतायत आणि आपल्या हातावर १८०० टेकवतायत. त्यात मालकाच्या पंगतीत बसून जेवायची सक्ती. त्यानं जेवणाचे पैसे रोख मागितले, मालक तापले, शेवटी कसंबसं कबूल झाले. पण मन काही रमलं नाही आणि जानेवारी १९०२ संपताना त्यानं शाफहाउझेन सोडलं.

गेला तो थेट बर्नला. तिथल्या पेटंट ऑफिसात एक जागा निघाली होती. ग्रॉसमनच्या वडलांनी ऑफिसच्या प्रमुखांकडं शब्द टाकलेला. पण ऑर्डर निघेपर्यंत खायचं काय? म्हणून ती पेपरातली जाहिरात.

जाहिरात बघून काही विद्यार्थी आले. त्यातलाच एक, ईस्टरच्या सुट्टीत दार वाजवणारा मॉरिस सोलोविन. हा रोमानियाचा, बर्नमध्ये तत्त्वज्ञान शिकत होता. फिजिक्सचा पाया पक्का करावा म्हणून आलेला. फी ठरलेली होती, तासाला ३ फ्रँक.

पहिल्या दिवशी दोघं बोलायला बसले ते दोन तास बोलतच राहिले. सोलोविन निघाला तर आईनस्टाईन त्याला सोडायला रस्त्यावर आला आणि तिथं अजून अर्धा तास गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या भेटीत आईनस्टाईननंच विषय काढला आणि सांगून टाकलं, की तुला शिकवणीची गरज नाही. फी राहू दे, असाच येत जा, आपण बोलत जाऊ.

ज्या माणसाला एकेका फ्रँकची गरज होती त्यानं चालत आलेलं गिऱ्हाईक सोडलं. १३ वर्षांपूर्वी म्युनिकमध्ये सुरू झालेल्या त्या गुरुवारांमध्ये टालमुडनं त्याच्यासोबत जे केलं, तेच त्यानं सोलोविनसोबत केलं. समोरच्याला धडे नकोत, सोबत विचार करणारा माणूस पाहिजे, हे ओळखून मास्तरकी बाजूला ठेवली.

पुढं कॉनराड हाबिश्ट हा मित्र येऊन मिळाला आणि तिघांनी गमतीत आपल्या टोळक्याला नाव दिलं ऑलिम्पिया अकादमी. एकेक पुस्तक घ्यायचं, पान-दोन पानं वाचायची आणि त्यावर रात्री उशिरापर्यंत भांडायचं. माख, ह्यूम, पॉइनकारे. वेळ म्हणजे काय, दोन घटना एकाच वेळी घडल्या असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हे प्रश्न या पुस्तकांमधून समोर येत होते.

२३ जून १९०२ ला आईनस्टाईन पेटंट ऑफिसात रुजू झाला. पगार वर्षाला ३५०० फ्रँक. जानेवारी १९०३ मध्ये मिलेवाशी लग्न झालं, साक्षीदार होते सोलोविन आणि हाबिश्ट.

आणि १९०५ मध्ये १६ व्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. चूक प्रकाशात नव्हती, वेळेबद्दलच्या आपल्या समजुतीत होती. प्रकाशाचा वेग सगळ्यांसाठी सारखाच राहतो, बदलतं ते वेळेचं आणि अंतराचं माप. त्यामुळं आपण कितीही जोरात पळालो तरी प्रकाश थांबलेला दिसणार नाही. हाच तो विशेष सापेक्षतावाद. आपण काय काय लिहितोय याची यादी त्यानं त्या मे महिन्यात पत्रानं कुणाला कळवली असेल, तर हाबिश्टला.

टालमुड पुढं डॉक्टर होऊन अमेरिकेत गेला आणि १९३२ मध्ये त्यानं सापेक्षतावाद समजावून सांगणारं पुस्तक लिहिलं. त्यात छोट्या अल्बर्टच्या आठवणी सांगितल्या. ज्याला पुस्तकं आणून दिली, त्याचाच सिद्धांत तो आता लोकांना शिकवत होता. सोलोविननं आईनस्टाईनची पुस्तकं फ्रेंचमध्ये नेली.

१९५३ मध्ये सोलोविन आणि हाबिश्ट पॅरिसमध्ये भेटले आणि त्यांनी अमेरिकेत प्रिन्स्टनला राहणाऱ्या आपल्या जुन्या दोस्ताला अकादमीच्या नावानं कार्ड पाठवलं. आईनस्टाईन तेव्हा ७४ वर्षांचा, जगातला सगळ्यात प्रसिद्ध शास्त्रज्ञ. त्यानं अकादमीचं कौतुक करणारं उत्तर पाठवलं. दोन वर्षांनी, १८ एप्रिल १९५५ ला तो गेला.

तासाला ३ फ्रँकच्या, कधी झालीच नाही अशा शिकवणीतून जमलेली दोस्ती ५० वर्षं टिकली होती.