सोन्याचा वर्ख आणि एक शंका

घरचा इन्व्हर्टर तपासायला आलेला तंत्रज्ञ बॅटरीच्या जाड तारेभोवती चिमट्यासारखे एक उपकरण अडकवतो आणि तारेतून किती अँपिअर प्रवाह वाहतो आहे, याचा आकडा पडद्यावर उमटतो. तार तोडावी लागत नाही, उघडीही करावी लागत नाही. एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, म्हणजे डीसी, असा दुरूनच मोजणाऱ्या बहुतेक उपकरणांच्या मुळाशी एका विद्यार्थ्याने १८७९ मध्ये लावलेला शोध आहे. त्या विद्यार्थ्याचे नाव एडविन हर्बर्ट हॉल.

हॉल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८५५ रोजी अमेरिकेच्या मेन राज्यातील गोरहॅम येथे झाला. १८७५ मध्ये पदवी मिळवल्यावर त्यांनी दोन वर्षे शाळेत शिकवले आणि मग भौतिकशास्त्राच्या ओढीने बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ गाठले. तेथे हेन्री रोलँड हे त्यांचे मार्गदर्शक होते.

विद्युतचुंबकत्वावरील जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांचा १८७३ चा ग्रंथ वाचताना हॉल एका विधानापाशी अडखळले. चुंबकाचे बल तारेवर कार्य करते, तीतून वाहणाऱ्या प्रवाहावर नव्हे, असा त्या विधानाचा आशय होता. तारेत प्रवाह नसेल तर चुंबक तिला ढकलत नाही. मग बल प्रवाहावर नाही असे कसे म्हणावे? मॅक्सवेल यांचा अधिकार मोठा होता. तरीही हॉल यांनी ही शंका रोलँड यांच्यापुढे मांडली. रोलँड यांनाही ते विधान पटलेले नव्हते. त्यांनी पूर्वी एक घाईचा प्रयोग करून पाहिला होता, पण त्यातून काही हाती लागले नव्हते.

हॉल यांचा पहिला प्रयत्नही फसला. चुंबक प्रवाहाला तारेच्या एका बाजूस ओढत असेल तर तारेचा रोध वाढावा, असा त्यांचा तर्क होता. जर्मन सिल्व्हरची तार चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवून त्यांनी रोध मोजला. तो बदलला नाही. तेव्हा त्यांनी मोजण्याची राशी बदलली आणि धातूही बदलला. काचेवर सोन्याचा पातळ वर्ख चिकटवून त्यातून लांबीच्या दिशेने प्रवाह सोडला, चुंबकीय क्षेत्र वर्खाला काटकोनात ठेवले आणि समोरासमोरच्या दोन कडा गॅल्व्हानोमीटरला जोडल्या. २८ ऑक्टोबर १८७९ रोजी काटा हलला. कडांमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण झाला होता. पट्टी जितकी पातळ, तितका हा दाब अधिक. वर्खाची निवड म्हणूनच निर्णायक ठरली.

अवघ्या आठ दिवसांनी, ५ नोव्हेंबर रोजी, इंग्लंडमध्ये मॅक्सवेल यांचे वयाच्या ४८ व्या वर्षी निधन झाले. ज्या विधानातून शंका निघाली, त्याच्या कर्त्यापर्यंत उत्तर पोहोचलेच नाही. प्रवाह वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनचा शोध तर १८९७ मध्ये लागायचा होता.

सोन्यासारख्या धातूत हा दाब इतका क्षीण असतो की त्याचा व्यवहारात उपयोग करणे अवघड होते. विसाव्या शतकाच्या मध्यास योग्य अर्धवाहक हाती आले आणि चित्र पालटले. अर्धवाहकाच्या चकतीतून ठरावीक प्रवाह सोडून ती तारेजवळ ठेवली, की तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणात दाब मिळतो आणि त्यावरून तारेतील प्रवाह कळतो.

आज विद्युतमंडल रचणाऱ्या अभियंत्यापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात. पहिला शंट, म्हणजे प्रवाहाच्या वाटेत बसवलेला अल्पसा रोध. तो स्वस्त आणि अचूक असतो; पण एक मिलिओहमच्या शंटमधून १०० अँपिअर वाहिले तर १० वॅट उष्णतेत जातात, शिवाय मोजणीचे मंडल मुख्य तारेपासून अलग राहत नाही. दुसरा पर्याय करंट ट्रान्सफॉर्मरचा. तो अलगपणा देतो, पण फक्त एसी मोजतो. तिसरा हॉल संवेदक. तो एसी व डीसी दोन्ही मोजतो आणि तारेपासून अलगही राहतो. मात्र तापमानाने त्याचा आकडा सरकतो आणि आसपासची चुंबकीय क्षेत्रे त्याला फसवतात. काय मोजायचे, कुठे आणि कशाने, हे हॉल यांच्यापुढचे प्रश्न अभियंत्याला आजही सोडवावे लागतात.

१८८० मध्ये डॉक्टरेट मिळवून हॉल पुढच्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले. १८९५ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि १९२१ मध्ये निवृत्त झाले. शाळकरी मुलांनी भौतिकशास्त्र हाताने प्रयोग करून शिकावे, यासाठी त्यांनी चाळीस प्रयोगांची यादी तयार केली. प्रयोगशाळेत जाऊन पडताळल्याशिवाय छापील शब्द स्वीकारू नये, हा स्वतःचा अनुभवच त्यांनी मुलांच्या हाती दिला. २० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांचे निधन झाले. विजेवर चालणाऱ्या मोटारींपासून इन्व्हर्टरपर्यंत अनेक यंत्रांत आज त्यांच्या नावाचा संवेदक बसलेला असतो, आणि त्याच्या मुळाशी आहे ग्रंथातील एका वाक्यावर घेतलेली एका विद्यार्थ्याची शंका.