बडोद्याच्या स्वयंपाकघरातला विन्या



आचार्य विनोबा भावे यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत भूदानाबरोबर येते. १९५१ च्या एप्रिल महिन्यात तेलंगणातील पोचमपल्ली गावी पहिले भूदान मिळाले, त्यानंतर विनोबा वर्षानुवर्षे देशभर पायी फिरले, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे त्यांचे निधन झाले आणि १९८३ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात. पण विनोबांचे लहानपण आणि विद्यार्थीदशा आपल्या बडोद्यात गेली, हे वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतात. म्हणून या अंकात आम्ही भूदानाचे विनोबा बाजूला ठेवून बडोद्याच्या एका घरातल्या विन्याबद्दल लिहिणार आहोत. आई त्याला विन्या म्हणत असे. विनोबा हे नाव पुढे आश्रमात मिळाले.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या खेड्यात झाला. हे गाव आज रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यात येते. वडील नरहर शंभुराव भावे बडोद्यास नोकरीला होते. मुलगा आठ-दहा वर्षांचा असताना आई रुक्मिणीबाई मुलांना घेऊन बडोद्यास आल्या. त्या वेळी आमचे अकोटा हे विश्वामित्रीच्या अलीकडचे एक लहानसे गाव होते आणि शहर नदीपलीकडे होते. आज दांडिया बाजारचा पूल ओलांडून मुले दहा मिनिटांत शाळेत येतात. महाराज सयाजीरावांचे राज्य होते, शाळा चांगल्या होत्या आणि महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त आलेली शेकडो कुटुंबे येथे स्थिरावत होती. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा असेच आले. भावे कुटुंब त्यांतलेच एक होते, फार श्रीमंत नव्हे आणि अगदी गरीबही नव्हे.

वडील शिस्तीचे आणि शास्त्रीय वृत्तीचे होते. रंगशास्त्र हा त्यांचा विषय. कापडाचे तुकडे निरनिराळ्या रंगांत बुडवून पाहण्याचे प्रयोग ते घरीही करीत. मुलाला मारही देत, आणि तो नेमाने देत. एक दिवस मार मिळाला नाही. विनायकाला वाटले, वडील विसरले असतील. दुसऱ्या दिवशीही मिळाला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मग त्याच्या ध्यानात आले की आपल्याला सोळावे वर्ष लागले आहे. सोळा वर्षांच्या मुलाशी मित्राप्रमाणे वागावे असे शास्त्रवचन आहे आणि वडिलांनी ते अक्षरशः पाळले. मुलांना मारण्याचे आम्ही समर्थन करीत नाही, पण नियम स्वतःलाही लावणारा हा मनुष्य आम्हाला आवडतो. गागोद्यास असताना एका दिवाळीला त्यांनी बडोद्याहून मिठाई आणण्याचे कबूल केले होते. मुलाच्या हाती पुडके आले ते चौकोनी आणि चपटे. उघडून पाहतो तो आत मुलांसाठी लिहिलेली रामायण आणि महाभारताची पुस्तके! लाडू-पेढ्यांची वाट पाहणाऱ्या मुलाचे तोंड कसे झाले असेल याची कल्पना करा. आईने मात्र ही पुस्तके पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. याहून चांगली मिठाई आणता आली नसती, असे तिने मुलाला समजावले, आणि ते त्याला जन्मभर लक्षात राहिले.

रुक्मिणीबाईंचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. माहेर कर्नाटकाकडचे, त्यामुळे मराठी अभंगांबरोबर कानडी भजनेही त्यांना पाठ होती आणि स्वयंपाक करताना त्या ती गुणगुणत. मन भजनात असले की मिठाचा अंदाज चुकत असे. एकदा भाजी खारट झाली. विनायक आधी जेवून निघून गेला, वडील नंतर पानावर बसले तेव्हा त्यांनी सांगितले. संध्याकाळी आईने मुलाला धारेवर धरले की भाजी खारट होती तर बोलला का नाहीस? मुलाने उलट विचारले की तूच चाखून का पाहिली नाहीस? पण नैवेद्य दाखवण्याआधी अन्न चाखायचे कसे? ते आईला पटण्यासारखे नव्हते. आणि पानात पडेल ते नावे न ठेवता खाणे हे तिनेच मुलाला शिकवले होते! दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर होते आणि भाजी खारटच राहिली.

या घरात आई आणि मुलगा यांचे असे वाद सदैव चालत. आम्हाला तो त्या घराचा खरा विरंगुळा वाटतो. शेजारच्या बाई गावी गेल्या की रुक्मिणीबाई त्या घरी जाऊन तेथील माणसांचा स्वयंपाक करून येत. आधी आपल्या घरचा उरकत, मग शेजारचा. विनायकाने तिला पकडले. आधी आपले, मग दुसऱ्याचे, हा स्वार्थच नाही का? आईने शांतपणे सांगितले की त्यांचे आधी केले तर त्यांच्या जेवणाच्या वेळेपर्यंत ते गार होऊन जाईल. दुसऱ्याला गरम अन्न मिळावे म्हणून दुसऱ्याचा स्वयंपाक नंतर. यावर मुलापाशी उत्तर नव्हते.

भाव्यांकडे एखादा गरीब विद्यार्थी नेहमी राहावयास असे. त्या काळी बडोद्याच्या अनेक मराठी घरांत अशी मुले राहून शिकली आहेत. आदल्या दिवशीचे अन्न उरले तर आई स्वतः खाई. जास्त असेल तर विनायकाला वाढी. त्या विद्यार्थ्याला मात्र नेहमी ताजे. विनायकाने तक्रार केली, शिळ्यासाठी नव्हे तर तत्त्वासाठी. तू सर्वांना समान मानायला सांगतेस आणि स्वतः भेद करतेस, असे त्याचे म्हणणे. आईने भेद कबूल केला. तिने सांगितले की परक्या मुलात मला देव दिसतो आणि तू मला मुलगा वाटतोस, तुझ्याविषयी माझी आसक्ती अजून गेलेली नाही. तुझ्यातही देव दिसू लागला की हा भेद उरणार नाही. घरी पाहुणा विद्यार्थी ठेवणाऱ्या किती माता आपल्या मुलाला असे उत्तर देऊ शकतील, हे आम्हाला ठाऊक नाही.

धडधाकट भिकारी दारात आला तरी ती देत असे. मुलाने म्हटले की अशाने आळस वाढतो. तिचे म्हणणे पडले की लायक कोण आणि नालायक कोण हे ठरवणारे आपण कोण? गागोद्यास घरी फणस निघाला की पहिले गरे शेजाऱ्यांकडे जात आणि ते पोहोचवण्याचे काम मुलांचे असे. आपल्या वाट्याचे त्यानंतर. तुळशीला पाणी घातले की नाही, हे विचारल्याशिवाय ती मुलाला जेवायला वाढत नसे.

एक प्रसंग आमच्या गणिताच्या शिक्षकांसाठी. रुक्मिणीबाईंनी देवाला एक लाख तांदूळ वाहण्याचा संकल्प केला होता. रोज त्या एकेक दाणा मोजून वाहत. रोज हजार धरले तरी शंभर दिवसांचे काम! वडिलांनी पाहिले आणि सोपा उपाय सुचवला. एक तोळा तांदूळ घ्यावेत, त्यांतले दाणे मोजावेत, त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि कमी पडू नयेत म्हणून थोडे जास्त घालावेत. हिशेब बिनचूक आहे, आमच्या सातवीच्या मुलांनाही तो करता येईल. आईला उत्तर सुचेना, पण मनाला पटेना. संध्याकाळी तिने विन्याला विचारले. त्याने सांगितले की हे गणिताचे काम नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, म्हणून एकेक मोजणेच योग्य. आईला फार आनंद झाला आणि तिने ते वडिलांनाही सांगितले. एरवी तिच्याशी वाद घालणारा मुलगा त्या दिवशी तिचा वकील झाला होता.

१९१३ मध्ये विनायक मॅट्रिक झाला आणि बडोदा कॉलेजात गेला. वडिलांच्या इच्छेप्रमाणे त्याने फ्रेंच घेतले होते. कॉलेजपेक्षा त्याचे लक्ष सेंट्रल लायब्ररीत आणि मित्रांबरोबर मैलोगणती भटकण्यात अधिक. मित्रांनी मिळून विद्यार्थी मंडळ काढले होते. उन्हाळ्यातही हा मुलगा अनवाणी फिरे. बडोद्याचे ऊन आपल्या वाचकांना सांगायला नको.

आणि मग एक दिवस तो आईजवळ चुलीपाशी येऊन बसला. हातात कागदांची गुंडाळी होती. तो एकेक कागद जाळू लागला. आईने विचारले तेव्हा म्हणाला की ही माझी प्रमाणपत्रे आहेत. तिने सांगून पाहिले की असू देत, कधी उपयोगी पडतील. त्याने सांगितले की मला नोकरी करायचीच नाही. तिने हात धरला नाही. मुलांची गुणपत्रके प्लॅस्टिकच्या आवरणात जपणाऱ्या पालकांना (आणि आम्हा मुख्याध्यापकांनाही) हे वाचून धडकी भरेल. ती भरावी असे आम्हालाही वाटते, कारण रुक्मिणीबाईंनाही काही वाटले नसेल असे आम्ही मानत नाही.

२५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला. सुरतेस दोन मित्रांसह उतरला, परीक्षेस जात नाही असे वडिलांना पत्र लिहिले आणि काशीचा रस्ता धरला. शेजारीपाजारी म्हणू लागले की पैसे संपले की येईल परत. आईला मात्र ठाऊक होते की विन्याने एकदा ठरवले की तो मागे फिरत नाही. त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादच्या कोचरब आश्रमात तो गांधीजींना भेटला आणि तेथलाच झाला. बडोद्यापासून अहमदाबाद काही फार दूर नाही. पण ते चुलीपाशी बसणे संपले.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हिंदुस्थानात लाखो माणसे दगावली. भाव्यांच्या घरी आई, वडील आणि धाकटा भाऊ तिघेही आजारी पडले. गांधीजींच्या आग्रहावरून विनायक बडोद्यास आला. वडील वाचले. धाकटा भाऊ गेला आणि २४ ऑक्टोबर १९१८ रोजी आईही गेली. अंत्यसंस्कार आपल्या हातांनी करावा, त्यासाठी पुरोहित नको, असे त्याचे म्हणणे होते. वडिलांना ते मान्य झाले नाही. तेव्हा तो स्मशानात गेला नाही. इतर लोक आईला घेऊन गेले. त्याने स्नान केले आणि वेदांचा अभ्यास आरंभला. या वागण्यात कठोरपणा आहे. आम्ही तो झाकत नाही आणि त्यावर निर्णयही देत नाही. एवढेच सांगतो की आईची एक साडी त्याने आपल्याबरोबर नेली आणि कितीतरी वर्षे ती उशाला घेऊन झोपत असे. पुढे केवळ खादी वापरण्याचे व्रत घेतले तेव्हा ती साडी साबरमतीत विसर्जित केली.

आईचे एक मागणे शिल्लक होते. १९१५ च्या सुमारास बडोद्यात गीतेवर प्रवचने चालली होती. रुक्मिणीबाई ऐकायला जात, पण संस्कृत समजत नसे. मराठीत गीता हवी, तीही पद्यात, असे त्यांनी मुलाला सांगितले. त्याने वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली. तीही अवघड वाटली. दुसरी नाही म्हटल्यावर त्यांनी सहज सुचवले की मग तूच का करीत नाहीस? तेव्हा तो विशीचा होता.

७ ऑक्टोबर १९३० रोजी त्याने ते काम हाती घेतले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी पुरे केले. आईला जाऊन बारा वर्षे झाली होती. सातशे श्लोक सोप्या मराठीत आले आणि पुस्तकाचे नाव ठेवले गीताई. छापण्यापूर्वी त्यांनी ते आश्रमातल्या मुलींना शिकवून पाहिले आणि जेथे मुली अडखळल्या तेथे शब्द बदलले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे गीता-प्रवचने आम्ही आधी हिंदी भाषांतरात वाचली आणि गीताई पुष्कळ उशिरा हाती आली. तिची प्रत शाळेच्या वाचनालयात मराठीच्या कपाटात आहे. पाचवीच्या पुढील मुलांना ती घरी नेता येईल. आजी किंवा आई यांच्यासाठी नेली तरी चालेल.