पहिल्या मिनिटाचे मार्क

लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी हॉस्पिटलची फाईल सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. नात झाली, सगळे फोन करून झाले, पेढे सांगून झाले, आणि मग निवांतपणे मी फाईल उघडली. वजन, वेळ, रक्तगट... आणि त्याखाली एक ओळ : अ‍ॅपगार ८/९. शेजारी बसलेल्या विहीणबाईंनी चष्मा सरसावून ती वाचली आणि त्यांचा चेहराच पडला. नऊपैकी आठच मिळाले का, असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. शिक्षिकेची नोकरी करून निवृत्त झालेल्या त्या, मार्क दिसले की हिशेब सुरू! शेवटी सिस्टरला बोलावलं. ती हसली. एका मिनिटाला आठ आणि पाचव्या मिनिटाला नऊ, दोन्ही दहापैकी, आणि अगदी छान आहेत, असं तिने सांगितलं. विहीणबाईंचा जीव भांड्यात पडला. तरी जाता जाता त्यांनी विचारलंच, की मग उरलेला मार्क कापला कशात?

सिस्टर तोवर निघून गेली होती. मलाही उत्तर येत नव्हतं. मला तर इतकी वर्षं वाटायचं की अ‍ॅपगार हे पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचं नाव असणार. घरी आल्यावर वाचायला बसले तेव्हा कळलं, की ते एका बाईचं आडनाव आहे. डॉ. व्हर्जिनिया अ‍ॅपगार. आद्याक्षरांची जुळणी मागाहूनची. १९६० नंतर डेन्व्हरच्या डॉ. जोसेफ बटरफील्ड यांनी विद्यार्थ्यांच्या लक्षात राहावं म्हणून तिच्या आडनावात ती पाच अक्षरं बसवून दिली. त्यामुळे झालं काय, की सूत्र पाठ राहिलं आणि बाई विसरली गेली.

व्हर्जिनियाचा जन्म ७ जून १९०९ चा, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या वेस्टफील्डचा. वडील विमा कंपनीत, पण जीव सगळा रेडिओ आणि दुर्बिणीत. घरात सतत काहीतरी खटपट आणि संध्याकाळी गाणं-वाजवणं. दोन मोठे भाऊ. त्यातला एक लहानपणीच क्षयाने गेला, दुसरा कायम आजारी. डॉक्टर व्हायचं तिच्या मनात इतक्या लवकर का आलं असेल, ते वेगळं सांगायला नको. माउंट होलिओक कॉलेजात शिकताना पैशासाठी तिने पडेल ते काम केलं. प्रयोगशाळेसाठी भटक्या मांजरी पकडून आणणं हेही त्यातलंच एक. शिवाय वाद्यवृंदात वाजवणं, खेळाच्या संघांत धावणं, कॉलेजच्या पेपरात लिहिणं. ही मुलगी झोपत कधी होती कोण जाणे.

१९२९ साली ती न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाली. नव्वद जणांच्या वर्गात मुली नऊ. महिन्याभरातच शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. उसनवारी करत ती शिकली, १९३३ साली वर्गात चौथी आली, आणि डोक्यावर सुमारे चार हजार डॉलरचं कर्ज घेऊन बाहेर पडली. तिला सर्जन व्हायचं होतं. हात चांगला होता, प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात सर्जरीची जागाही मिळाली होती. पण तिथले प्रमुख डॉ. अ‍ॅलन व्हिपल यांनी तिला वेगळाच सल्ला दिला. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायकांचा सर्जरीत जम बसला नव्हता. मंदीत पुरुष सर्जनांचे हाल, तिथे बाईकडे कोण येणार? त्यापेक्षा भूलशास्त्र घे, असं त्यांचं म्हणणं. भूल सुधारल्याशिवाय सर्जरी पुढे जाणार नाही, हे त्यांना कळलं होतं आणि हिच्यात ती धमक आहे, हेही.

हा सल्ला होता की गोड बोलून बंद केलेलं दार? मला वाटतं, दोन्ही. आपल्याकडेही कितीतरी जणींना अशी दारं माहीत असतील.

तेव्हा अमेरिकेत भूल देण्याचं काम बहुतेक करून नर्सेस करत. डॉक्टरांच्या लेखी ते दुय्यम. व्हर्जिनिया आधी त्या नर्सेसकडूनच शिकली. मग मॅडिसनला डॉ. राल्फ वॉटर्स यांच्याकडे गेली. तिथे बाई डॉक्टरची राहायची सोयच नव्हती, म्हणून सुरुवातीचे दिवस वॉटर्स यांच्या ऑफिसात झोपली आणि नंतर मोलकरणींच्या खोल्यांत राहिली. १९३८ साली ती भूल विभागाची प्रमुख म्हणून कोलंबियाला परतली. प्रमुख म्हणजे काय, तर सुरुवातीची काही वर्षं तिथे डॉक्टर ती जवळजवळ एकटीच! भूल द्यायची, विद्यार्थ्यांना शिकवायचं, सर्जनांच्या बरोबरीने बसायचा हक्क मागायचा, पगारासाठी भांडायचं. अकरा वर्षं खपून तिने विभाग उभा केला, तिथे शिकून डॉक्टर बाहेर पडू लागले. १९४९ साली त्याला स्वतंत्र दर्जा मिळायची वेळ आली तेव्हा प्रमुखपदी नेमलं डॉ. इमॅन्युएल पॅपर यांना. व्हर्जिनियाला प्रोफेसर केलं. त्या कॉलेजातली ती पहिली पूर्ण प्रोफेसर बाई. मान तिला, खुर्ची त्याला. बाई असल्यामुळे आपलं काही अडलं नाही, असं ती चारचौघांत सांगायची. खासगीत मात्र पगारातला फरक तिला बोचत होता.

पण खुर्ची गेली आणि वेळ मिळाला. ती स्लोन या बायकांच्या हॉस्पिटलात, लेबर रूममध्ये भूल द्यायला जाऊ लागली.

इथे थोडं थांबून घरातली एक गोष्ट सांगते. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, १९५१ साली, तालुक्याच्या गावातल्या एका छोट्या प्रसूतिगृहात. आईला खूप रक्तस्राव झाला आणि सगळी धावपळ तिच्याभोवती. बाळ कोपऱ्यात दुपट्यावर ठेवलेलं. ते रडलं नाही. आईने हे मला आयुष्यात दोनदाच सांगितलं, आणि दोन्ही वेळा एकच सांगितलं, की त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. पुढे घरातल्या मोठ्या बायकांनी कारणही शोधून काढलं. कुठल्याशा ग्रहणात तिने हातात विळी घेतली होती म्हणे.

तिच्या बाळाकडे बघितलं असतं तर ते जगलं असतं, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण व्हर्जिनिया जे बघत होती ते न्यूयॉर्कच्या मोठ्या हॉस्पिटलातसुद्धा याहून फार वेगळं नव्हतं. प्रसूतितज्ज्ञाचं लक्ष आईकडे, भूल देणाऱ्याचं लक्ष आईकडे. बालरोगतज्ज्ञ नंतर कधीतरी येणार. जन्मल्यापासून पहिली काही मिनिटं बाळ कुणाचाच पेशंट नसायचं. अमेरिकेतले बालमृत्यू त्या काळात कमी होत होते, पण पहिल्या चोवीस तासांतले मृत्यू कमी होत नव्हते. निळं, मलूल बाळ जगण्यासारखं नाही असं ठरवून बाजूला ठेवलं जाई.

एके सकाळी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये नाश्ता करताना एका शिकाऊ मुलाने तिला विचारलं, की नुकत्याच जन्मलेल्या बाळाची तब्येत मोजायची कशी? सोपं आहे की, असं म्हणत तिने हाताशी पडलेलं कार्ड उचललं आणि त्यावर पाच गोष्टी खरडल्या. आपापले ट्रे उचलून ठेवा, असं सांगणारं ते कार्ड होतं. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठपणा, डिवचल्यावर बाळ काही करतं का, आणि रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. मिनिटाला शंभराच्या वर ठोके असतील तर दोन, त्याखाली एक, नसतीलच तर शून्य. दणकून रडलं तर श्वासाचे दोन. बेरीज दहा. मग म्हणे ती उठून थेट लेबर रूमकडे गेली, करून बघायला.

१९५२ साली तिने हे परिषदेत मांडलं, १९५३ साली छापलं. यात यंत्र नाही, सुई नाही, खर्च नाही. घड्याळ आणि बघणारे डोळे हवेत, बस्स. तिची आणखी एक अट मला फार आवडली. ज्याने बाळंतपण केलं त्याने मार्क द्यायचे नाहीत, कारण त्याचा जीव त्यात गुंतलेला असतो. आपल्याच पोराचा पेपर आपण तपासू नये ना, तसं!

आणि खरी कसोटी पुढेच होती. मार्क द्यायला लागल्यावर तुलना करता येऊ लागली. डॉ. स्टॅन्ली जेम्स आणि डॉ. डंकन होलाडे यांच्यासोबत तिने बाळांचं रक्त तपासलं. कमी मार्कांच्या बाळांच्या रक्तात ऑक्सिजन कमी आणि आम्ल जास्त निघालं. जन्मताना थोडं गुदमरणं स्वाभाविकच असतं, ही जुनी समजूत तिथे डळमळली. मग कोणत्या भुलेने बाळ मलूल होतं, तेही दिसू लागलं. सायक्लोप्रोपेन हा वायू व्हर्जिनियाचा अगदी लाडका. वर्षानुवर्षं तिने तो वापरला होता, शिकवला होता. आकडे सांगत होते, की आईला तो दिला की बाळाचे मार्क घसरतात. तिने बाळंतपणात तो वापरणं सोडून दिलं. आपल्याच हातातली सवय आपल्याच तक्त्यामुळे मोडणं, हे फार थोड्यांना जमतं. पुढे १९५८ साली पंधरा हजारांवर बाळांचा हिशेब तिने सहकाऱ्यांसोबत प्रसिद्ध केला. बारा हॉस्पिटलांनी मिळून सतरा हजारांवर बाळं तपासली, तेव्हा पाचव्या मिनिटाचा आकडा बाळ तगेल की नाही याचा जास्त चांगला अंदाज देतो, असं दिसलं. फाईलवर दोन आकडे असतात ते त्यामुळे.

या बाईला अहोजाहो करवत नाही, याचं एक कारण पुढचा किस्सा आहे. कार्लीन हचिन्स नावाच्या एका पेशंटमुळे तिला व्हायोलिन बनवायचा नाद लागला. १९५७ साली या दोघींना हॉस्पिटलच्या टेलिफोन बूथमधली मेपलची फळी दिसली. व्हायोलाच्या पाठीला झकास! हॉस्पिटल ती द्यायला तयार होईना. मग एका रात्री दोघी रंगवलेली दुसरी फळी आणि हत्यारं घेऊन पोचल्या. कार्लीन आत फळी काढतेय, व्हर्जिनिया हॉस्पिटलच्या पोशाखात बाहेर पहाऱ्यावर. नवी फळी नेमकी पाव इंच लांब निघाली, तेव्हा कार्लीनने ती बायकांच्या स्वच्छतागृहात जाऊन कापली. ही प्रोफेसर, वय अठ्ठेचाळीस!

१९५९ साली, पन्नाशीत, तिने पुन्हा विद्यार्थी होऊन जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि मार्च ऑफ डाइम्स या संस्थेत जन्मजात व्यंगांवर काम सुरू केलं. गावोगाव फिरून, टीव्हीवर येऊन ती आयांशी साध्या भाषेत बोलली. १९६४-६५ च्या रुबेलाच्या साथीनंतर लशीसाठी तिने आवाज उठवला. १९७२ साली जोन बेक यांच्यासोबत तिने आईबापांसाठी पुस्तक लिहिलं. बाळात काही दोष निघाला तर त्यामागे जनुकं, विषाणू, औषधं अशी कारणं असतात, हे तिला लोकांपर्यंत न्यायचं होतं. हे वाचताना मला आईची विळी आठवली. आई हे न वाचताच गेली.

पन्नाशीनंतर व्हर्जिनिया विमान चालवायला शिकली. पर्समध्ये श्वासनलिकेची नळी आणि चाकू कायम असायचा, रस्त्यात कुणी पडला तर असावा म्हणून. लग्न केलं नाही. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, ज्या हॉस्पिटलात उमेदीची वर्षं काढली तिथेच ती गेली. १९९४ साली तिच्यावर टपाल तिकीट निघालं, तेव्हा डॉक्टरांनी तिने बनवलेली वाद्यं वाजवली. ती फोन बूथची फळीही त्यात होती.

एक सांगायला हवं, कारण कमी आकडा बघून घाबरलेल्या आया मी पाहिल्यात. या मार्कांवरून पोर हुशार निघेल की मठ्ठ, हे कळत नाही. एकट्या त्या आकड्यावरून मेंदूला इजा झाली असंही ठरवत नाहीत. आणि बाळाला श्वास घ्यायला मदत लागली तर आता मिनिट संपायची वाट बघत नाहीत, लगेच सुरू करतात. रंगाच्या मार्कांवर तर अलीकडे बरीच चर्चा आहे, कारण गुलाबी हा निकष सावळ्या बाळांना कसा लावायचा? म्हणून कातडी न बघता ओठ, जीभ बघायला सांगतात.

विहीणबाईंचा मार्क याच रंगात कापला गेला असणार. आईच्या पोटातून बाहेर आल्यावर हातापायांपर्यंत रक्त नीट पोचायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे अंग गुलाबी पण तळवे निळसर, असं बहुतेक बाळांचं असतं. मी फोन करून त्यांना हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पायमोजे काढून नातीचे दोन्ही तळवे उजेडात धरून बघितले, आणि मग मोजे पुन्हा चढवले.