शंकरन नायर यांचा नकार

दरवर्षी १३ एप्रिल उजाडला की जालियनवाला बागेतील हुतात्म्यांचे स्मरण देश करतो. त्या स्मरणात सर चेत्तूर शंकरन नायर यांचे नाव क्वचितच ऐकू येते, ही उणीव आम्हांस खटकते. नायर सत्याग्रही नव्हते, क्रांतिकारकही नव्हते. ते इंग्रजी राज्याचे मानकरी होते. आणि म्हणूनच त्यांच्या निषेधाचे मोल निराळे आहे.

१८५७ साली मलबारात जन्मलेले नायर मद्रासेत वकिलीने नावारूपास आले. १८९७ साली अमरावतीस भरलेल्या राष्ट्रसभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, तेव्हा लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेपायी तुरुंगात होते. पुढे नायरांस मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद आणि १९१५ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील आसन लाभले.

१९१९ साली त्या मंडळात ते एकटेच हिंदी सभासद होते. अमृतसरला जनरल डायर याने निःशस्त्र जमावावर १,६५० गोळ्या झाडविल्या. सरकारी मोजदादीप्रमाणेच ३७९ माणसे मेली. पाठोपाठ लष्करी कायदा आला. उघड्यावर फटके मारण्यात आले, एका गल्लीतून माणसांना पोटावर सरपटत जावयास लाविले गेले. ज्या सरकारच्या नावे हे घडले, त्याचे सभासद म्हणून राहणे नायरांस अशक्य झाले. जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

तथापि ते गांधीजींचे अनुयायी झाले नाहीत. उलट १९२२ साली त्यांनी असहकारावर कडक टीका करणारे पुस्तक लिहिले. पण त्याच पुस्तकात पंजाबातील अत्याचारांचे दायित्व त्यांनी तेथील माजी लेफ्टनंट गव्हर्नर सर मायकेल ओड्वायर यांजवर ठेविले. ओड्वायर यांनी अब्रुनुकसानीचा दावा लाविला आणि १९२४ साली लंडनमध्ये तो पाच आठवडे चालला. न्यायमूर्ती मॅकार्डी यांनी ज्यूरीसमोर डायरची कृती योग्यच ठरविली. ज्यूरीतील बारांपैकी अकरा जणांनी ओड्वायर यांच्या बाजूने कौल दिला. हॅरॉल्ड लास्की तेवढे विरुद्ध राहिले. पाचशे पौंडांची भरपाई व दाव्याचा खर्च नायरांवर बसला. माफी मागून सुटका करून घेणे त्यांनी नाकारले. १९३४ साली ते निवर्तले.

तत्पूर्वी १९२० साली उमरावांच्या सभेने डायरची पाठराखण केली होती आणि त्याच्यासाठी इंग्लंडात सुमारे २६ हजार पौंडांचा निधी जमला होता. त्यावर लंडनच्या निकालाने कळस चढविला. ब्रिटिश न्यायावर भिस्त ठेवून सनदशीर मार्गाने चालणाऱ्या नेमस्तांचा आधारच त्यामुळे खचला. नायर दावा हरले. परंतु त्या निकालाने खरी अब्रू गेली ती साम्राज्याच्या न्यायासनाची, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सत्तेच्या आत राहूनच सुधारणा करता येते, हा युक्तिवाद कोणत्याही काळी सोयीचा असतो, आणि कधी कधी तो खराही असतो. पण आपल्या आसनामुळे अन्यायास प्रतिष्ठा मिळू लागली, की ते आसन सोडणे हेच कर्तव्य ठरते. ही सीमारेषा नायरांनी वेळीच ओळखली. बागेतील हुतात्म्यांबरोबर त्यांचेही स्मरण देशाने करावे.