वर्ध्यास वस्तीस आलेले जे. सी. कुमारप्पा

मनुष्य आपला प्रांत सोडून परप्रांतीं वस्तीस कां जातो? बहुतेक भाकरीसाठीं जातात. कोणी दुष्काळामुळें, कोणी कर्जामुळें, तर कोणी गांवच्या जाचामुळें निघतो. हा ओघ खेड्याकडून शहराकडे वाहतो. त्याच्या उलट चालून वर्धा जिल्ह्यांत आलेल्या एका ख्रिस्ती गृहस्थाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजीं तंजावर येथें तमिळ ख्रिस्ती कुटुंबांत झाला. घराण्याचें नांव कॉर्नेलियस होतें. कुमारप्पा हें कुळांतील जुनें नांव त्यांनीं पुढें धारण केलें. लंडन येथें हिशेबतपासणीची विद्या संपादून त्यांनीं मुंबईंत धंदा मांडला व त्यांत त्यांचा चांगला जम बसला. पुढें ते अमेरिकेस गेले. कोलंबिया विद्यापीठांत हिंदुस्थान सरकारच्या जमाखर्चाचा अभ्यास करीत असतां, रयत दरिद्री कां, हा प्रश्न त्यांच्या मनानें घेतला.

१९२९ सालीं ते साबरमतीस गांधीजींस भेटले. गांधीजींनीं त्यांस खेडा जिल्ह्यांतील मातर तालुक्याची पाहणी करण्याचें काम दिलें. साहेबी पोशाख गेला, खादी आली. आणि गांवोगांव हिंडून या हिशेबनिसानें कुणब्याचा जमाखर्च मांडला. ख्रिस्ती मनुष्यानें राष्ट्रीय चळवळींत पडावें हें कित्येक धर्मबंधूंस रुचलें नाहीं; परंतु येशूचा मार्ग व दीनांची सेवा हीं एकच आहेत, असा त्यांचा निश्चय होता.

डिसेंबर १९३४ मध्यें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्यास वर्ध्याची आपली बाग जमनालाल बजाज यांनीं दिली. तीच मगनवाडी होय. जमनालालजीही मूळचे राजपुतान्यांतील सीकरकडील, दत्तक म्हणून लहानपणीं वर्ध्यास आलेले. कुमारप्पा संघाचे चिटणीस होऊन येथें राहूं लागले. तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ, गूळ, मधमाशा यांचे प्रयोग व शिक्षण तेथें चालत असे. १९३८ सालीं मगन संग्रहालय उघडण्यांत आलें.

या खटाटोपाचें मर्म साधें आहे. गांवचें जवस शहरच्या गिरणींत गेलें, तर पेंडही तिकडेच राहते. बैल उपाशी राहतो, तेल्याची घाणी बंद पडते, आणि अखेर तेलीही बिऱ्हाड घेऊन निघतो. आधीं काम गांव सोडतें, मग माणूस.

१९४२ च्या चळवळींत त्यांस कारावास घडला. जबलपूरच्या तुरुंगांत त्यांनीं दोन ग्रंथ लिहिले. एक येशूच्या आचार व उपदेशाविषयीं, दुसरा टिकाऊ अर्थव्यवस्थेविषयीं. पुढें त्यांनीं सेलडोह येथें शेतीचे प्रयोग आरंभिले. प्रकृति ढासळल्यावर ते मदुरा जिल्ह्यांतील कल्लुपट्टी येथें जाऊन राहिले. ते अविवाहित होते. ३० जानेवारी १९६० रोजीं, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशीं, त्यांचें देहावसान झालें.

प्रिय वाचकहो, आमच्या मंडळ्यांतील तरुण नागपूर-मुंबईस जातात. पोटासाठीं जाणें हा दोष नव्हे. अब्राहामही स्वदेश सोडूनच निघाला. परंतु गांवांत राहूं इच्छिणाऱ्यास राहण्यापुरतें काम मिळावें, हें पाहणें मागें राहिलेल्या आम्हां सर्वांचें कर्तव्य आहे. शिकलेल्या मनुष्यानेंही एकदां विचार करावा कीं, जेथें आपली मिळकत अधिक तेथें जावें, कीं जेथें आपली गरज अधिक तेथें. कुमारप्पांनीं दुसरी वाट धरली, आणि ती वर्ध्यास येऊन पोहोंचली.