सोडावॉटरवाला पाद्री

सोडावॉटर कोणी शोधून काढलं? क्विझमध्ये हा प्रश्न आला, तर निम्मे जण एखाद्या कोल्ड्रिंक कंपनीचं नाव ठोकून देतील. उत्तर आहे जोसेफ प्रीस्टली. म्हणजे ऑक्सिजनवाला? हो, तोच! शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला दोन ओळी येतात आणि पुढचा धडा सुरू होतो. मला मात्र हा माणूस आवडतो तो सोड्यामुळे. आयुष्यभर त्याची थिअरी अनेकदा चुकली, पण जे पाहिलं ते त्याने असं लिहून ठेवलं की कुणालाही घरी करून बघता यावं. जर्नलमध्ये आधी रिझल्ट लिहून मग रीडिंग ‘बसवण्याची’ कला जिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना तरी त्याची ओळख असायलाच हवी.

प्रीस्टलीचा जन्म १७३३ सालचा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, लीड्स शहराजवळच्या एका खेड्यातला. वडील लोकरी कापडाला फिनिशिंग करण्याचं काम करायचे. सहा-सात वर्षांचा असताना आई गेली आणि पुढे आत्याने त्याला सांभाळलं. पोरगा हुशार, पण प्रकृतीने तोळामासा आणि बोलताना अडखळणारा. घराणं सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंड न मानणाऱ्या प्रोटेस्टंटांचं. अशा लोकांना डिसेंटर म्हणत. त्यांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे, सरकारी पदं बहुतेक बंद. मग हा डेव्हेंट्रीच्या डिसेंटर लोकांच्या अकादमीत शिकला आणि पाद्री झाला. अडखळत बोलणारा माणूस आणि धंदा प्रवचनाचा! पहिल्या गावात लोकांना त्याचं बोलणंही आवडलं नाही आणि विचारही.

पुढे नँटविच गावी त्याने शाळा काढली. तुटपुंज्या कमाईतून पैसे साठवून त्याने काय घ्यावं? एक एअर पंप आणि एक विद्युत यंत्र! ती यंत्रं तो मुलांच्याच हाती द्यायचा आणि पालकांसमोर प्रयोग मुलंच करून दाखवायची. रसायनशास्त्राची पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. १७६१ साली वॉरिंग्टनच्या अकादमीत नोकरी लागली, तीही भाषा शिकवायची. तिथे असताना १७६२ मध्ये मेरी विल्किन्सनशी लग्न झालं. मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारावेत : मेरीचा भाऊ जॉन विल्किन्सन म्हणजे जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर अचूक बोअर करून देणारा लोखंडाचा कारखानदार. थोडक्यात, प्रीस्टलीचा मेहुणा.

लंडनला त्याची बेंजामिन फ्रँकलिनशी ओळख झाली आणि त्याच्या प्रोत्साहनाने प्रीस्टलीने विजेच्या शोधांचा जाडजूड इतिहास लिहिला. तो १७६७ साली छापून आला. त्याच वर्षी तो लीड्सला मिल हिल चॅपलचा पाद्री म्हणून गेला आणि जिथे बिऱ्हाड केलं, त्याच्या शेजारी होता दारूचा कारखाना. बीअर बनवणारा.

दुसरा एखादा पाद्री वासाने वैतागला असता. हा रोज कारखान्यात जाऊन बसायला लागला! बीअर आंबवायचे मोठमोठे लाकडी पिंप असतात. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोलबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. हा वायू हवेच्या दीडपट जड. त्यामुळे आंबणाऱ्या बीअरवर त्याचा वीतभर जाडीचा थर नुसता पडून असतो. म्हणजे गॅसची एवढी मोठी टाकी, तीही फुकट, शेजारीच! जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १७५० च्या दशकातच हा वायू ओळखला होता. तेव्हा त्याला ‘स्थिर हवा’ म्हणत. प्रीस्टलीने त्या थरात पेटती मेणबत्ती नेली, ती विझली. विझलेल्या ढलपीचा धूर त्या थरात अडकून राहिला आणि पिंपाच्या कडेवरून पाण्यासारखा खाली ओघळला. न दिसणारा वायू त्याला असा धुरामुळे दिसायला लागला.

मग त्याने पिंपावर पाण्याचं उथळ भांडं ठेवून दिलं. सकाळी पाण्याला छान चव आलेली. मग दोन भांडी घेतली आणि त्या थरातच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिला. रात्रभराचं काम दोन-तीन मिनिटांत झालं. जर्मनीतल्या पिरमाँट, सेल्टर्स इथल्या नैसर्गिक झऱ्यांचं बुडबुड्यांचं पाणी तेव्हा श्रीमंत लोक औषध म्हणून पैसे मोजून प्यायचे. ते आता लीड्सच्या एका पाद्र्याच्या ग्लासात होतं.

हे जमलं कसं? पाणी उलटसुलट ओतल्याने वायूला मिळणारं पृष्ठफळ वाढतं. आपल्या मास ट्रान्स्फरच्या पेपरात हेच असतं. पण मुरायलाही मर्यादा आहे. पाण्यात किती वायू मुरतो हे त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात ठरतं, हा नियम विल्यम हेन्रीने मांडला तो १८०३ मध्ये, म्हणजे छत्तीस वर्षांनी. साध्या वातावरणीय दाबाला २० अंशाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम पाऊण-एक लिटर वायू मावतो. शून्य अंशाच्या आसपास तो पावणेदोन लिटरपर्यंत जातो. बाजारातल्या सोड्यात साडेतीन-चार लिटर असतो. तेव्हा प्रीस्टलीचा सोडा आपल्याला मिळमिळीतच लागला असता. पण दाब देणारा पंप जोडला तर पाण्यात आणखी कितीतरी वायू मुरवता येईल, हेही तो लिहून गेला.

आता जी मंडळी मोठा सिलिंडर आणून घरच्या घरी सोडा करतात, ती नेमकं हेच करतात. आमच्या गावी सोड्याची गाडी लावणारे एक काका आहेत. सिलिंडरमध्ये किती गॅस उरला हे बघायला ते गेजकडे ढुंकूनही बघत नाहीत, सरळ वजनकाट्यावर चढवतात. मला आधी नवल वाटलं. मग थर्मो आठवलं. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो आणि २० अंशाला त्याचा बाष्पदाब सुमारे ५७ बार. द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत काटा तिथेच! ३१ अंशांच्या वर तर द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. म्हणून वजन हेच खरं माप. रेग्युलेटर हा दाब तीन-चार बारवर आणतो, पाणी बर्फासारखं गार घ्यायचं आणि बाटली हलवायची. गार पाणी, दाब आणि घुसळण, बस्स! पण हे उद्योग बंद खोलीत नकोत आणि बाटलीही दाब सोसणारीच हवी. गळलेला वायू पिंपावर बसायचा तसाच खोलीच्या तळाशी बसतो. हवेत त्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास गेलं, तर माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. प्रीस्टलीची मेणबत्ती विसरू नका.

तर, पुढे प्रीस्टलीने घर बदललं. शेजारचं पिंप गेलं. मग त्याने वायू स्वतःच बनवायला घेतला : खडूची पूड, त्यावर सौम्य सल्फ्युरिक अॅसिड, निघालेला वायू जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरायचा आणि पाण्याने भरून उपड्या धरलेल्या बाटलीत नळीने सोडून हलवायचा. ही सगळी कृती त्याने १७७२ साली छोट्या पुस्तिकेत चित्रासह छापून टाकली. पेटंट नाही, की गुपित नाही. याच वायूने खलाशांचा स्कर्व्ही बरा होईल असं तेव्हाच्या काही डॉक्टरांचं मत होतं. प्रीस्टलीलाही ते पटलं. कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीच्या जहाजांवर हे उपकरण पाठवलं गेलं. स्कर्व्हीवर त्याचा काडीचा उपयोग नव्हता, कारण तो होतो क जीवनसत्त्व न मिळाल्याने. थिअरी साफ चुकली, सोडा मात्र राहिला! १७७३ साली रॉयल सोसायटीने वायूंवरच्या संशोधनासाठी त्याला कोप्ले पदक दिलं. १७८३ साली श्वेप नावाच्या गृहस्थाने जिनिव्हात सोड्याचा धंदा सुरू केला. त्याच्या नावाची कंपनी जगभर झाली. प्रीस्टलीला त्यातली दमडी मिळाली नाही. १८७२ साली लंडनच्या हायरम कॉडने काचेची गोटी अडकवलेल्या बाटलीचं पेटंट घेतलं. आतला दाबच गोटीला वर ढकलून बाटली बंद करतो. तीच आपली गोटी सोड्याची बाटली. प्रीस्टलीने ओतलेला तो सोडा असा फिरत फिरत आपल्या यात्रा-जत्रांत पोचला.

जाता जाता आणखी एक. १७७० च्या त्याच्या पर्स्पेक्टिव्ह ड्रॉइंगवरच्या पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा पुसणाऱ्या एका नव्या पदार्थाची नोंद आहे. अर्ध्या इंचाचा तुकडा, किंमत तीन शिलिंग. आपलं खोडरबर! ड्रॉइंगच्या शीटवर रात्र जागवणाऱ्यांनी त्याचे आभार मानायला हरकत नाही.

१७७३ मध्ये लॉर्ड शेलबर्नकडे ग्रंथपाल म्हणून नोकरी लागली. १ ऑगस्ट १७७४ रोजी त्याने बारा इंची भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं. निघालेल्या वायूत मेणबत्ती भडकून पेटली. पुढच्या वर्षी त्यात उंदीर ठेवला, तो साध्या हवेत जगेल त्याच्या दुप्पट वेळ टिकला. मग त्याने तो वायू स्वतःही हुंगून पाहिला. हा ऑक्सिजन. स्वीडनच्या शीलेने तो आधीच मिळवला होता, पण छापून आला १७७७ मध्ये. प्रीस्टलीने १७७४ च्या ऑक्टोबरमध्येच पॅरिसला लाव्हाझियेला आपला प्रयोग सांगून टाकला होता! लाव्हाझियेने तो पुन्हा केला आणि त्यावर आधुनिक रसायनशास्त्र उभं केलं. प्रीस्टली मात्र म्हणत राहिला की जळताना वस्तूतून फ्लॉजिस्टन नावाचं तत्त्व बाहेर पडतं. हे मत त्याने मरेपर्यंत सोडलं नाही. इतका मोकळा माणूस इथेच का अडला? मला वाटतं, त्याचा डोळ्यांवर जितका विश्वास होता, तितका तराजूवर नव्हता.

१७८० पासून तो बर्मिंगहॅमला होता. तिथे लूनर सोसायटीत जेम्स वॉट, बोल्टन, वेजवूड, इरॅस्मस डार्विन असे दोस्त जमायचे. पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे घरी परतताना उजेड असावा म्हणून. पण त्याची धर्माविषयीची परखड मतं आणि फ्रेंच राज्यक्रांतीचं समर्थन अनेकांना खुपत होतं. १४ जुलै १७९१ च्या रात्री जमाव चालून आला. नवरा-बायको घरात बॅकगॅमन खेळत होते. ते कसेबसे निसटले. चॅपल जळलं, घर जळलं, ग्रंथालय, उपकरणं, वर्षानुवर्षांची हस्तलिखितं गेली. नुकसानभरपाई मागितली त्यापेक्षा कमी मिळाली. लंडनमध्येही निभाव लागेना. एप्रिल १७९४ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, तो अमेरिकेला निघाला. तो समुद्रात असतानाच ८ मे रोजी पॅरिसमध्ये लाव्हाझियेचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. एकाला राज्यक्रांतीच्या समर्थनापायी देश सोडावा लागला, दुसऱ्याचा त्याच राज्यक्रांतीने जीव घेतला.

पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्थम्बरलँड या लहानशा गावी त्याने पुन्हा घर आणि प्रयोगशाळा बांधली. ती पूर्ण होण्याआधीच धाकटा मुलगा हॅरी गेला, पाठोपाठ १७९६ मध्ये मेरीही. तरी तो प्रयोग करत राहिला. कोळसा आणि लोखंडाचं भस्म एकत्र तापवून त्याला एक जळणारा वायू मिळाला. फ्लॉजिस्टनचा पुरावा म्हणून त्याने तो मांडला. ते वाचून इंग्लंडमधल्या क्रुइकशँकने दाखवून दिलं की हा कार्बनचाच एक ऑक्साइड आहे. तोच कार्बन मोनॉक्साइड. पुन्हा तेच! निष्कर्ष चुकला, पण प्रयोग इतका सरळ लिहिलेला की दुसऱ्याला त्यातून खरं उत्तर काढता आलं.

ऑक्सिजनच्या शंभरीला, १८७४ साली, अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ त्याच्या त्याच घरी जमले. त्या भेटीतून दोन वर्षांनी अमेरिकन केमिकल सोसायटी उभी राहिली. प्रीस्टली स्वतः गेला ६ फेब्रुवारी १८०४ रोजी. त्या सकाळी अंथरुणावरून तो आपल्या एका लेखातल्या दुरुस्त्या सांगत होता. लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं, एक-दोन ठिकाणी बदल करवून घेतले, आता बरोबर झालं असं म्हणाला आणि थोड्याच वेळात शांतपणे गेला.