गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’

मद्यपानाने होणाऱ्या सर्वनाशाचे भेदक चित्र मराठी रंगभूमीवर उभे करणारे नाटककार राम गणेश गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातमधील नवसारी येथे झाला. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकले. पदवी मात्र हाती आली नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांना शिकविता शिकविता ते नाट्यलेखनाकडे वळले.

त्या काळी पुण्यात मद्यपानाविरुद्ध लोकमत जागृत होत होते. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने स्वयंसेवक दारूच्या दुकानांपुढे उभे राहिले. गडकऱ्यांनी दुकानाऐवजी घराकडे पाहिले. त्यांचा सुधाकर बुद्धिमान, मानी वकील. अपमानाचे शल्य विसरण्यासाठी तळीरामाच्या आग्रहाने तो पहिला प्याला घेतो. पुढे निश्चय करूनही तो सुटत नाही आणि सिंधूचा संसार धुळीला मिळतो. घात शेवटच्या नव्हे, पहिल्या प्याल्यातच असतो, हे या नाटकाचे सूत्र.

ते रंगभूमीवर पाहणे गडकऱ्यांच्या नशिबी नव्हते. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे, अवघ्या तेहेतिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर अविस्मरणीय ठरले.

आज मैफलीत मद्यविरहित कॉकटेलचे प्यालेही दिसू लागले आहेत. मित्रांच्या आग्रहाचा मान राखावा आणि शुद्धही हरपू नये, अशी सोय सुधाकराला नव्हती.